कलकत्ता बांबूवरचे जळके डाग

गळाच्या जुन्या अमेरिकी काठ्या जमवणारे लोक काठी हातात आली की आधी तिच्यावरचे डाग बघतात. मधाच्या रंगाच्या बांबूवर मध्येच तपकिरी, कुठे जवळजवळ काळा असा पट्टा दिसला की त्यांचे डोळे चमकतात, कारण असा डाग म्हणजे काठी ‘कलकत्ता केन’ची, एकोणिसाव्या शतकातली. मी घरी बांबूच्या काठ्या बनवायला लागलो तेव्हा या डागांबद्दल पहिल्यांदा वाचलं आणि पुढचं सगळं वाचन त्यांच्याच मागे गेलं. हा कलकत्ता केन म्हणजे आपली मानवेल. मेळघाटात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जिची बेटंच्या बेटं उभी आहेत, तीच. जगातल्या सर्वांत नाजूक, सर्वांत महागड्या मासेमारीच्या काठीची सुरुवात आपल्याकडे लाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांबूतून झाली.

काठीचा त्याआधीचा इतिहास लांबलचक आहे आणि बऱ्यापैकी माहितीचा आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या पुस्तिकेत काठी घरी कशी करावी याची कृतीच दिली आहे: लाकूड हिवाळ्यात तोडा, भट्टीत तापवा, सरळ करा, तापलेल्या सळईने पोकळ करा. पुढे हिकरी आली, लान्सवुड आलं, गयानाचं ग्रीनहार्ट आलं. आपल्याकडे कोकणात खाडीवर गरवायला जाणारा पोरगा आजही माणग्याची किंवा मेशीची काठी तोडतो, तिला तंगूस बांधतो, गळ आणि शिसं लावतो आणि निघतो.

या साध्या बांबूचं १८४०च्या दशकात काहीतरी वेगळंच झालं. कुणीतरी तो उभा चिरला, कामट्या तासून त्रिकोणी केल्या आणि पाठी बाहेर ठेवून पुन्हा एकमेकींना चिकटवल्या. पोकळ बांबूची भरीव काठी झाली. बांबूच्या भिंतीत ताकदीचे धागे सालीलगत दाट असतात आणि आतल्या बाजूला विरळ होत जातात. आतला भुसभुशीत भाग तासून टाकायचा आणि नुसत्या दाट धाग्यांची काठी उभी करायची, ही ती युक्ती.

हे आधी कुणी केलं यावर अमेरिकन आणि इंग्रज अजून भांडतात. अमेरिकन बाजूचा मानकरी सॅम्युअल फिलिप, पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा. इंग्रज म्हणतात, १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात चिरलेल्या बांबूच्या काठ्या मांडलेल्या होत्या आणि काठीचं नुसतं टोक कामट्यांचं करण्याची रीत आमच्याकडे त्याहून जुनी आहे. टोकापुरतं इंग्रजांचं म्हणणं मला मान्य आहे. पण अख्खी काठी कामट्यांची करायची म्हणजे सरसावर विश्वास हवा आणि तिथे मी फिलिपच्या बाजूचा आहे. हा माणूस बंदुका दुरुस्त करायचा आणि व्हायोलिन बनवायचा. पातळ लाकडाचे तुकडे सरसाने जोडून त्यावर वर्षानुवर्षं ताण सहन करायला लावणं हे व्हायोलिनवाल्याचं रोजचं काम. तरीही तो सरस ओलीला भिणारा होता, म्हणूनच जुन्या काठ्यांवर बोटा-दोन बोटांच्या अंतरावर रेशमी धाग्याचे वेढे दिसतात. आज ते शोभेचे वाटतात. मुळात सरस सुटला तर काठी उलगडू नये म्हणून घातलेले ते बंद होते.

पुढे मेन राज्यातल्या बँगोरच्या हायरम लेनर्डने सहा कामट्यांची षट्कोनी काठी पक्की रूढ केली आणि कामट्या कापणारं यंत्र बनवलं. ते तो कुलूपबंद खोलीत ठेवायचा. या सगळ्यांच्या हातातला बांबू मात्र एकच होता, कलकत्ता.

कलकत्ता हे बंदराचं नाव. बांबू त्या शहरात उगवत नव्हता, तिथून जहाजावर चढत होता. वनस्पतिशास्त्रात त्याला डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस म्हणतात. मुळात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि लोक याचे भाल्याचे दांडे करतात हेही नोंदवलं. कोरड्या डोंगराळ जमिनीत हा बांबू जवळजवळ भरीव येतो. इंग्रज त्याला ‘मेल बांबू’ म्हणत, आपल्याकडेही त्याला नर बांबू म्हणतात. घोडेस्वारांचे भाले, रानडुकरांच्या शिकारीचे भाले, लाठ्या, तंबूचे खांब असा त्याचा संसार. काहींचं म्हणणं असं की कलकत्ता केन हा एकच बांबू नव्हताच, बंगाल-आसामातल्या इतर जातीही त्यात मिसळून जात असणार. व्यापाऱ्याने भारे बांधताना वनस्पतिशास्त्र पाहिलं नसणार, हे खरं. पण पाव इंचाहून बारीक काठीत घालायची कामटी काढायला जाड भिंतीचा, चिवट बांबूच लागतो. पातळ भिंतीचा कारागिराने पहिल्याच दिवशी फेकून दिला असणार.

आता हा बांबू पेनसिल्व्हेनियात आणि मेनमध्ये पोचला कसा? माझा तर्क बर्फावर आहे. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचं जहाज बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भरून कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी पोचलं तेव्हा साधारण १८० टनांतला १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. फ्रेडरिक ट्यूडरचा हा धंदा पुढे इतका चालला की कलकत्त्याप्रमाणे मुंबईतही बर्फघर उभं राहिलं. जाताना बर्फ नेणारी जहाजं येताना ताग, नीळ, सोरा, कातडी आणत. असा माल रचताना पोती हलू नयेत, तळाची ओल लागू नये म्हणून मध्ये लाकूड किंवा बांबू घालावा लागतो आणि बोस्टनच्या धक्क्यावर माल उतरला की हे बांबू कवडीमोल. बर्फाचा हा व्यापार ऐन भरात आला तेव्हाच फिलिप ईस्टनमध्ये बांबू चिरत होता. बांबू लंडनमार्गे आला असं म्हणणारे आहेत, काही आलाही असेल. पण बोस्टन-कलकत्ता असा थेट आणि स्वस्त रस्ता उघडा असताना अमेरिकी कारागिराला लंडनकडे बघण्याचं कारण नव्हतं.

आता डागांकडे. हे डाग कारागिरांच्या डोक्याला ताप होते. जळलेल्या जागी धागा ठिसूळ होतो आणि पूर्ण वाक घेतला की कामटी तिथेच तुटते. बांबूंचा भारा आला की निम्म्याहून जास्त टाकून द्यावा लागायचा. हे हिंदुस्थानी लोक चांगला बांबू जाळतात तरी कशाला, असा प्रश्न तिकडच्या मासेमारीच्या लिखाणात वारंवार येतो आणि त्याची उत्तरंही नाना तऱ्हेची. सर्वांत लाडकं उत्तर म्हणजे काहीतरी धार्मिक विधी. दुसरं, किडीपासून बचाव. तिसरं, व्यापाऱ्याची खूण किंवा नक्षी. चौथं, सरळ करण्यासाठी दिलेला शेक.

धार्मिक विधीचं उत्तर मला मुळीच पटत नाही. ते देणाऱ्यांनी बांबूशी राहणाऱ्या माणसांना कधी विचारलेलं नाही. आपल्या घरांत बांबू चुलीत घालत नाहीत. वेळू जाळला तर वंश जळतो, असं म्हणायची रीत आहे, कारण वंश म्हणजे बांबूही आणि कूळही. जिथे सरपण म्हणूनसुद्धा तो टाळतात तिथे विधी म्हणून विक्रीचा माल जाळायचा, हे मानणं कठीण आहे.

किडीचं उत्तर यापेक्षा बळकट आहे. बांबूत साखर आणि पिष्ट असतं, त्यावर भुंगेरा येतो, आतून पोखरतो आणि बारीक पीठ गळायला लागतं. यावर उपायही जुने आहेत: अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, चुलीवर माळ्यात धुरात ठेवायचा. यातला प्रत्येक उपाय अख्ख्या बांबूला लागू होतो. मध्येच चार बोटं भाजून कीड थांबत नाही, आणि भुंगेरा बहुतेक वेळा तोडलेल्या टोकातून नाहीतर साल फुटलेल्या जागेतूनच शिरतो. व्यापाऱ्याची खूण असती तर ती सगळ्या बांबूंवर सारखी, एकाच जागी असती.

राहतो शेक. मी याच बाजूचा आहे आणि याचं कारण कामट्या तासतानाच हाताला कळतं. गाठीजवळ कामटी नेहमी थोडी मुरडलेली असते. ती सरळ केल्याशिवाय खाचेत बसत नाही. मी स्पिरिटच्या दिव्यावर गाठ धरतो, हळूहळू फिरवत राहतो. आधी सालीवर बारीक चमक येते, मग कोवळ्या उसाच्या कांड्यासारखा गोडसर वास येतो आणि एकाएकी बोटांना कळतं की कामटी सैल पडली. धाग्यांना धरून ठेवणारं लिग्निन मऊ झालेलं असतं. त्या क्षणी दाबून सरळ करायची आणि गार होईपर्यंत तशीच धरायची. दोन श्वास उशीर झाला की साल करपते आणि मधाळ रंगावर तपकिरी डाग उठतो. तो डाग आणि लेनर्डच्या जुन्या काठ्यांच्या छायाचित्रांतला डाग शेजारी ठेवून पाहा.

या उत्तरावर आक्षेप आहेत. पहिला असा की पुष्कळ डाग बांबूच्या अगदी सरळ भागावर आहेत, मग तिथे शेक द्यायची गरज काय? मला हा आक्षेप उलट पुरावा वाटतो. वाक काढल्यावर तो दिसणार कसा? भाजून सरळ केलेली जागा सरळच दिसणार, मागे राहणार फक्त डाग. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: डाग इतके खोल आहेत की सराईत माणूस असं करणार नाही. पण कोणत्या कामासाठी सराईत? लाठी किंवा भाल्याचा दांडा करणारा उघड्या आगटीवर एकामागून एक बांबू फिरवतो, दगडाच्या किंवा झाडाच्या बेचक्यात अडकवून ताण देतो, पुढचा उचलतो. त्याच्या कामात भार अख्ख्या दांड्याच्या जाडीवर येतो. सालीचा केसभर थर करपला तर लाठीला काही होत नाही, उलट तेल पाजल्यावर ती देखणी दिसते. गळाच्या काठीत मात्र टोकाकडची कामटी एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि तिची सगळी ताकद त्या केसभर थरातच असते. एका धंद्यात जो डाग कामाच्या सफाईचा, तोच दुसऱ्या धंद्यात खोट ठरला. माझ्या मते बांबू अमेरिकेत काठीसाठी म्हणून पाठवलाच जात नव्हता. जहाजात पोत्यांमध्ये घातलेला बांबूही मुळात लाठीसाठी, भाल्यासाठी तयार झालेला असणार आणि त्यातूनच चोखंदळ कारागिराने आपल्या कामट्या वेचल्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनचा टोंकिन केन आला आणि कलकत्ता मागे पडला. त्याच्या गाठी सपाट, धागे दाट, अंगावर डाग नाहीत. त्याचंही नाव फसवंच आहे. तो व्हिएतनामच्या टोंकिनचा नव्हे, ग्वांगडोंगमधल्या सुई नदीच्या आसपासच्या लहानशा पट्ट्यातला. फ्लॉइड मॅक्लूर या अमेरिकी अभ्यासकाने १९३१ साली त्याचं शास्त्रीय नामकरण केलं. डागांचं पुढे काय झालं ते मला फार आवडतं. लोकांच्या डोळ्यांना ती करडी-तपकिरी छटा जुन्या, अस्सल काठीची वाटायला लागली होती. म्हणून डेट्रॉइटच्या पॉल यंगसारख्या कारागिरांनी स्वच्छ टोंकिनवर मुद्दाम ज्योत फिरवून काठ्या करायला सुरुवात केली. त्यामुळे धागा कडक होतो, असंही कारण सांगितलं जाई.

१९५०च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. तोवर काचतंतूच्या काठ्या बाजारात आल्याच होत्या. बांबूवाल्या कंपन्या एकेक करून बंद पडल्या किंवा काचतंतूकडे वळल्या. पण तंत्र मेलं नाही, कारण ते कारखान्यांपेक्षा घरांमध्ये जास्त रुजलेलं होतं. हेन्री वेल्सने १८८५ साली आणि जॉर्ज होल्डनने १९२० साली हौशी माणसाला घरी काठी करायला शिकवणारी पुस्तकं लिहिली होती. एव्हरेट गॅरिसन हा इंजिनियर काठीच्या प्रत्येक पाच इंचांवर येणारा ताण गणिताने काढून त्याप्रमाणे जाडी ठरवायचा. त्याच्या मृत्यूनंतर होगी कारमायकल या त्याच्या शिष्याने १९७७ साली ती सगळी पद्धत पुस्तकात मांडली. आज जगात कुठेही घरी बसून कुणी बांबूची काठी करत असेल तर तो बहुधा गॅरिसनच्याच वाटेने चाललेला असतो. पोलादाच्या दोन पट्ट्या, मध्ये साठ अंशांची खाच, ठरावीक अंतरावर स्क्रू फिरवून कमी-जास्त करायची खोली. कामटी खाचेत ठेवायची आणि आतल्या दोन्ही बाजूंनी रंधा मारायचा. सालीच्या बाजूला रंधा लावायचा नाही. सहा कामट्या, सरस, वेढे, पितळी सांधा, बुचाची मूठ, कड्या, वार्निश.

या खाचेत मी मानवेलही घालून पाहिली आहे. टोंकिनपेक्षा ती वाकडी, गाठी जवळजवळ, त्यामुळे काम दुप्पट. पण तासलेली कामटी वाकवून सोडली की ती ज्या झपाट्याने परत येते, ते पाहून लेनर्डने एवढी वर्षं हिच्यावर का भरवसा ठेवला हे पटतं. ज्यांना करून बघायची आहे त्यांना आता बांबू मिळणंही सोपं झालंय. १९२७च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोडत होता, जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं ते कलम २०१७ साली काढलं. त्याआधीच, २०११ साली, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू तोडून विकण्याचा अधिकार मिळाला होता. काठीसाठी तीन वर्षांच्या वरची, कोरड्या उतारावरची मानवेल मागायची, हिवाळ्यात तोडलेली, आणि बुडाकडचे दोन-अडीच मीटर घ्यायचे. साल खरवडू द्यायची नाही. आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की सरळ करून देऊ नका, वाकडी आहे तशीच द्या, शेक मी घरी देईन.