कोयनेचे दरवाजे उघडतात तेव्हा

दरवर्षी पावसाळ्यात कोयनेचे सहा दरवाजे उघडले की आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला तोच व्हिडिओ असतो. माझ्याही असतो. माझी आजी मात्र तो कधी बघायची नाही. तिचं सासर त्या पाण्याखाली आहे.

कोयना महाबळेश्वरात उगम पावते, दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या अलीकडेच 1950 च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं. 103 मीटर उंच भिंत, 105 टीएमसी पाणी. डोंगराच्या पोटातून बोगदा काढून पाणी पश्चिमेला कोकणात सोडलं. पोफळीला ते साडेचारशे मीटरहून जास्त खाली पडतं आणि वीज तयार होते. सगळे टप्पे मिळून आज 1960 मेगावॅट. मुंबई-पुण्याचे कारखाने यावर उभे राहिले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांतून सांगलीच्या दुष्काळी गावांना पाणी गेलं. हे कुणी नाकारू नये. मीही नाकारत नाही.

पण किंमत कुणी मोजली?

शंभराच्या आसपास गावं उठली. तेव्हा हातात होता इंग्रजांचा 1894 चा भूसंपादन कायदा. म्हणजे जमीन घ्या, पैसे द्या, विषय संपला. माणसांचं पुढं काय, हे त्यात नव्हतंच. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला 1976 ला. तोवर जावळी-पाटणची माणसं सांगली, सोलापूरपासून पार रायगड, ठाण्यापर्यंत पांगली होती. भातनाचणी पिकवणाऱ्यांना माळरान मिळालं. काहीजण गेलेच नाहीत, पाण्याच्या वर डोंगरात सरकले. तिथं 1985 ला अभयारण्य आलं, 2010 ला व्याघ्र प्रकल्प. एकदा पाण्यानं उठवलं, दुसऱ्यांदा जंगलानं.

मध्ये 11 डिसेंबर 1967 ची पहाट. कोयनानगरचा भूकंप. दीडशेच्या वर माणसं गेली. भिंतीलाही तडे गेले, ती मजबूत केली गेली. जलाशय भरायला लागल्यापासूनच धक्के जाणवत होते. धरणातल्या पाण्यामुळे भूकंप होतात का, या प्रश्नावर जगभरातले शास्त्रज्ञ आजही कोयनेचं नाव घेतात. त्यासाठी कराडजवळ प्रयोगशाळा आहे, तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चाललाय.

आता घरची गोष्ट. आजोबांना पर्यायी जमीन मिळाल्याचा कागद आहे. सातबारा आजतागायत नाही. आधी आजोबा, मग वडील आणि आता मी त्याच कचेरीत जातो. दरवेळी साहेब नवीन असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही धरणग्रस्त असल्याचा पुरावा?"

विजेच्या युनिटाचा हिशोब चोख राहिला, पाण्याच्या टीएमसीचाही राहिला. माणसांची यादी मात्र साठ वर्षांत पुरी होईना.

धरण नको होतं असं माझं म्हणणं नाही. नवीन धरण होवो, रस्ता होवो, विमानतळ होवो, आधी जुन्यांचा हिशोब पुरा करा, एवढंच मागणं आहे.

यंदा व्हिडिओ टाकाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एक विचारा: आपलं मूळ गाव कुठलं? आणि ते नाव कुठंतरी लिहून ठेवा. उद्या कचेरीत तेही पुरावा म्हणून मागतील.