गाण्याची पारख : देवगिरीपासून लातूरपर्यंत

गाणें ऐकून आनंद होणें निराळें आणि तें कां आवडलें हें सांगतां येणें निराळें. पहिलें सर्वांस साधतें, दुसरें थोड्यांस. दूरचित्रवाणीनें हें दुसरें काम घरोघरीं आणून ठेवलें, आणि नांदेड-लातूरसारख्या, मोठ्या संगीतकेंद्रांपासून दूर असलेल्या मुलुखांतही मुरकी, खटका, हरकत हे शब्द मुलांच्या तोंडीं आले.

२००८ सालीं झी मराठी वाहिनीवर 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' ही बालगायकांची स्पर्धा सुरू झाली. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक होते. गुणदानाची रीत मोठी सूचक होती. अंकांऐवजीं स्वर दिले जात, आणि 'वरचा सा' मिळणें हा बहुमान गणला जाई. फेब्रुवारी २००९ मध्यें कार्तिकी गायकवाड हिनें विजेतेपद मिळविलें. अंतिम फेरींतील पांच बालगायकांत लातूरचा रोहित राऊत होता.

परंतु परीक्षकानें नेमकें काय मोजावयाचें? हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाहीं. तेराव्या शतकांत, यादव राजा सिंघण याच्या कारकीर्दींत, देवगिरीस म्हणजे आजच्या दौलताबादेस शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें, आणि तो स्वतः दरबारीं हिशेबखात्याचा अधिकारी होता. ग्रंथाच्या सात अध्यायांपैकीं तिसऱ्या, प्रकीर्णकाध्यायांत गायकाची परीक्षा आली आहे, आणि तींत हिशेबनिसाची शिस्त दिसते. गायकाचे दोष त्यानें २५ मोजले आहेत. दांत आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा, तालास चुकणारा, नाकांतून गाणारा, अशी ती यादी आहे. डोळे मिटून गाणाऱ्यासही त्यानें दोषी ठरविलें आहे. आज पडद्यावर मिटलेले डोळे तल्लीनतेची खूण मानले जातात, ही गंमतच म्हणावयाची.

अलंकरणाविषयीं त्याचें विवेचन अधिक मोलाचें आहे. स्वराचा जो कंप ऐकणाऱ्याच्या चित्तास सुख देतो, तो गमक. आणि असे गमक १५ प्रकारचे. आतां येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. 'कंपित' हें नांव गमकांच्या यादींत आहे, आणि दोषांच्या यादींतही आहे. आवाज आपोआप थरथरला तर तो दोष. तोच थर गायकानें जाणून, ठराविक वेगानें घेतला तर तो अलंकार. 'कंपित' गमकाचा वेग द्रुत नामक कालमानाच्या अर्ध्या मात्रेचा, असें मापही त्यानें सांगून ठेवलें आहे. हरकत आली कीं टाळी वाजविणाऱ्या श्रोत्यास हा भेद चटकन् कळत नाहीं. परीक्षकास मात्र तो कळलाच पाहिजे. त्याचें आसन त्यासाठींच आहे.

शार्ङ्गदेवानें गायकांचे पांच प्रकारही केले आहेत: निर्दोष शिकविणारा शिक्षाकार, दुसऱ्याची नक्कल करणारा अनुकार, रसांत बुडणारा रसिक, श्रोत्यांस रिझविणारा रंजक आणि गीतास उठाव देणारा भावक. स्पर्धेंत गाणीं बहुधा आधींच लोकप्रिय झालेलीं असतात. मूळ गायिकेची मुरकी मुलानें हुबेहूब घेतली तर तो उत्तम अनुकार ठरतो. बालवयांत अनुकरण हा शिकण्याचाच मार्ग असल्यामुळें त्यास नांवें ठेवूं नयेत. पण तेवढ्यावर 'वरचा सा' देऊन मोकळें होणेंही बरें नव्हे.

याउलट गुरूच्या घरीं परीक्षा रोजची असते. नांदेडास अण्णासाहेब गुंजकरांजवळ शिकलेले पंडित नाथराव नेरळकर पुढें औरंगाबादेस स्थायिक झाले आणि २०२१ सालीं निवर्तले तोंवर त्यांनीं अनेक शिष्य घडविले. तेथें गुण मिळत नसत. चुकलेला स्वर पुन्हां लावावा लागे. पडद्यावर दोन-चार मिनिटांच्या गाण्यावर निकाल लागतो, आणि कित्येक स्पर्धांत त्यांत प्रेक्षकांच्या मतांची भर पडते. लोकांची आवड खोटी नसते. परंतु ती रंजकास निवडते, शिक्षाकारास क्वचितच.

पुढें रोहित राऊत हा 'इंडियन आयडॉल'च्या ११ व्या पर्वांत २०२० सालीं उपविजेता ठरला, आणि २०२१ सालीं 'लिटल चॅम्प्स'च्या नव्या पर्वांत त्याच जुन्या पांच जणांस परीक्षक म्हणून बसविण्यांत आलें. बारा वर्षांपूर्वीं ज्यांचें गाणें जोखलें गेलें, त्यांच्या हातीं आतां तराजू आला. ही जबाबदारी लहान नव्हे. ज्या हरकतीस आज शाबासकी मिळते, तीच उद्यां लातूर-नांदेडच्या गल्लींतलीं मुलें घोटून घोटून पाठ करतात. थरथर कोणती आणि कंपित कोणतें, एवढें जरी परीक्षकानें गुण देतांना त्यांस उलगडून सांगितलें, तरी सुमारें आठशें वर्षांपूर्वीं देवगिरीस केलेला तो हिशेब फुकट गेला असें होणार नाहीं.