वेंकीज आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स

हैदराबादेत १९७१ साली सुरू झालेल्या आणि पुढे पुण्यात स्थिरावलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या कुक्कुटपालन उद्योगसमूहाने (व्यापारी नाव ‘वेंकीज’) इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब १९ नोव्हेंबर २०१० रोजी विकत घेतला. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीयांच्या मालकीचा होण्याची ही पहिलीच वेळ. दीड वर्षात, मे २०१२ मध्ये, क्लब त्या लीगमधून खाली आला आणि अजून वर गेलेला नाही. परदेशी धनिकांनी इंग्लिश क्लब घ्यावेत की नाही, हा वाद निघाला की ब्लॅकबर्नचे नाव हमखास घेतले जाते. बहुतेक वेळा ते चुकीच्या कारणासाठी घेतले जाते. हे मालक क्लब लुटून गेले नाहीत, सोडूनही गेले नाहीत. त्यांनी पैसा ओतला आणि तरीही क्लब बुडवला, म्हणून हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे.

समूहाचे संस्थापक बंडा वासुदेव राव (निधन १९९६) यांना भारतीय कुक्कुटोद्योगाचे जनक म्हणतात. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हैदराबादेतल्या उबवणी केंद्रापासून सुरू झालेला धंदा त्यांनी साखळीच्या प्रत्येक कडीपर्यंत नेला. अंडी देणाऱ्या कोंबडीची बीव्ही-३०० ही जात, मांसासाठी व्हेनकॉब, ब्रीडर फार्म, एक दिवसाची पिल्ले, खाद्य, लसी, लस बनवण्यासाठी लागणारी रोगजंतुमुक्त अंडी आणि शेवटी पाकिटबंद चिकन, सगळे एका छत्राखाली आले. १९७६ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न हॅचरीज ही कंपनीच पुढे वेंकीज (इंडिया) झाली. रावांचे दुसरे मोठे काम १९८२ चे. अंड्याचा भाव तेव्हा व्यापारी ठरवत आणि मंदीत पोल्ट्रीवाला उत्पादनखर्चाखाली माल विकून मोकळा होई. रावांनी ठिकठिकाणी बैठका घेऊन पोल्ट्रीवाल्यांना एकत्र केले आणि नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी (एनईसीसी) उभी केली. आज बाजारात शेकड्याचा भाव बोलताना ‘एनईसीसीचा रेट’ हाच शब्द वापरला जातो. ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही जाहिरात याच संस्थेची. ज्याच्या जिवावर धंदा चालतो त्याला भाव ठरवताना आवाज असावा, हे त्या चळवळीचे तत्त्व. पुढची हकीकत वाचताना ते लक्षात ठेवलेले बरे.

रावांच्या पश्चात कन्या अनुराधा देसाई समूहाच्या अध्यक्ष झाल्या. बंधू व्यंकटेश राव आणि बालाजी राव त्यांच्यासोबत. घराणे तेलुगू, पण कारभार सिंहगड रस्त्यावरून चालतो. पुणेकर हा समूह दोन गोष्टींनी ओळखतात: चिकनची दुकाने आणि पुरंदर तालुक्यात केतकावळे येथे समूहाने उभारलेले, तिरुमलाच्या धर्तीवरचे प्रतिबालाजी मंदिर. फुटबॉलशी या घराचा त्याआधीचा संबंध सांगण्यासारखा नाही.

ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे गाव. स्वदेशीच्या चळवळीत ज्या लँकेशायरी कापडाच्या आपल्याकडे होळ्या पेटल्या, ते विणणाऱ्या पट्ट्यातले. शेजारच्या डार्वेनला, बहिष्कारामुळे बेकार झालेल्या कामगारांना भेटायला, सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी जाऊन आले होते. रोव्हर्स क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापणाऱ्या बारा क्लबांतला एक. गिरण्या मिटल्या तसा क्लबही मागे पडला. १९९१ मध्ये जॅक वॉकर या गावच्याच पोलाद व्यापाऱ्याने तो ताब्यात घेतला, केनी डाल्ग्लिशला व्यवस्थापक नेमले, ॲलन शीअररला आणले आणि १९९४–९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. एवढ्याशा गावाने अजिंक्यपद मिळवले ते गिऱ्हाइकीच्या बळावर नव्हे, एका माणसाच्या तिजोरीवर, हे नोंदले पाहिजे. उपऱ्या धनिकांवर रुष्ट असलेले ब्लॅकबर्न स्वतः धनिकाच्या औदार्याचे लाभार्थी होते. फरक इतकाच की वॉकर त्याच गल्ल्यांतून वर आला होता आणि सामन्याला मैदानावर दिसत असे. २००० मध्ये तो वारला. पुढची दहा वर्षे क्लब त्याच्या न्यासाकडे होता आणि न्यासाला तो विकायचा होता.

२०१० च्या उन्हाळ्यात पहिले नाव पुढे आले ते बहरीनस्थित भारतीय अहसान अली सय्यद यांचे. त्यांच्या आर्थिक पार्श्वभूमीवर बीबीसीने प्रश्न उपस्थित केल्यावर बोलणी थांबली. नंतर त्यांनी स्पेनचा रेसिंग सांतांदेर घेतला. वेंकीज त्या मानाने भरवशाचे गिऱ्हाईक वाटले: खरा कारखाना, खरे ताळेबंद. वेंकीज लंडन लिमिटेड या कंपनीमार्फत ९९.९ टक्के समभाग सुमारे २.३ कोटी पौंडांना घेतले गेले. बँकेचे कर्ज निराळे. व्यवहारात केन्टारो ही क्रीडा-विपणन कंपनी आणि खेळाडूंचे एजंट जेरोम अँडरसन सल्लागार होते.

ताबा मिळून महिना उलटला नव्हता तोच, १३ डिसेंबरला, व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढले. संघ तेराव्या स्थानावर होता, म्हणजे त्या क्लबाच्या ऐपतीच्या मानाने ठीक. त्यांच्या जागी प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांना बसवले. कीन यांनी मुख्य व्यवस्थापक म्हणून कुठेही काम केलेले नव्हते. फेब्रुवारी २०११ पर्यंत क्लबाचे जाणते अध्यक्ष जॉन विल्यम्सही बाहेर पडले. याच सुमारास रोनाल्डिन्योला आणण्याच्या बातम्या गाजल्या. तो ब्राझीलला फ्लामेंगोकडे गेला. संघाने चिकनच्या जाहिरातीत काम केले. ऑक्टोबर २०११ मध्ये, हंगाम चालू असताना, खेळाडूंना पुण्यात बालेवाडीला आणून पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळवला गेला. मालकांच्या दृष्टीने क्लब म्हणजे जगभर दिसणारी पाटी होती, आणि उद्योगपतीला असे वाटण्यात गैर काही नाही. पण पाटी झळकायची तर संघ वरच्या लीगमध्ये टिकायला हवा आणि तो टिकवणारी माणसे तर आधीच गेलेली.

पहिला हंगाम शेवटच्या दिवशी वुल्व्हजला ३–२ हरवून निभावला. त्यानंतर फिल जोन्स हा तरुण बचावपटू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. दुसऱ्या हंगामात ३१ डिसेंबर २०११ रोजी, युनायटेडचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन त्या संघाला ३–२ हरवण्याचा चमत्कारही घडला, बाकी घसरणच. त्याच महिन्यात उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहून कीन यांना बदलण्याची आणि कारभार सुधारण्याची विनंती केली होती. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्ध ईवुड पार्क या घरच्या मैदानावर ०–१ अशी हार होऊन पदावनती पक्की झाली. पत्र बाहेर फुटले ते त्यानंतर आणि हंट यांची नोकरी गेली. त्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबाच्या रंगाचे फडके गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. इंग्लिश वृत्तपत्रांनी पुढे वर्षानुवर्षे तेच छायाचित्र वापरले. त्या थट्टेत धंद्याविषयीची तुच्छताही होती हे नाकारता येत नाही. पोलादावर पैसा कमावलेल्याला कोणी सळईचे चित्र दाखवत नाही.

खाली आल्यावरचा गोंधळ याहून मोठा. मलेशियाचे माजी फुटबॉलपटू व दूरचित्रवाणी समालोचक शेबी सिंग ‘जागतिक सल्लागार’ म्हणून आले. कीन यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतरचे व्यवस्थापक हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकेल ॲपलटन ६७ दिवस. बर्ग यांच्या कराराची भरपाई म्हणून न्यायालयाने क्लबाला २२.५ लाख पौंड द्यायला लावले. पदावनत क्लबांना प्रीमियर लीगकडून काही वर्षे मिळणारी ‘पॅराशूट’ रक्कम, जिच्या जोरावर पुन्हा वर जायचे असते, ती याच काळात खर्ची पडली. खर्चमर्यादेचे नियम मोडल्याने २०१५ मध्ये खेळाडूखरेदीवर निर्बंध आले. ७ मे २०१७ रोजी, विगनच्या सामन्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. शेवटचा सामना जिंकूनही गोलफरकाने नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मागे राहिला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर दुसरा कोणताही क्लब तोवर इतका खाली गेला नव्हता. व्यवस्थापक टोनी मोब्रे यांनी वर्षभरात तो दुसऱ्या श्रेणीत परत आणला.

पैशाचा हिशेब लोकसमजाच्या उलट आहे. घराण्याने आजवर २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम क्लबात घातली आहे आणि कर्जाचे बरेचसे रूपांतर समभागांत केले आहे. चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत पगारावरचा खर्च उत्पन्नाच्या पलीकडे जाणे नेहमीचेच. तूट मालक भरतो. खरेदीच्या रकमेच्या कित्येक पट भरूनही हाती काही न लागलेला गुंतवणूकदार एव्हाना पळाला असता. यांचा चिवटपणा कौतुकाचा की हेकेखोरपणाचा, यावर ब्लॅकबर्नमध्येही एकमत नाही. मात्र हा पैसा भारतातून जातो आणि परकीय चलन कायद्याखाली प्रवर्तन संचालनालयाची चौकशी सुरू झाल्यापासून तो पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. २०२३ पासून काही रकमांसाठी तेवढीच बँक हमी देण्याची अट आली. लँकेशायरमधल्या खेळाडूचा करार होणार की नाही, हे दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखेवर अवलंबून राहू लागले. दरम्यान अकादमीत घडलेला ॲडम व्हार्टन फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकावा लागला.

तुलनेसाठी इतर मालक पाहता येतात. रोमान अब्रामोविच (चेल्सी, २००३) आणि अबुधाबीचे शेख मन्सूर (मँचेस्टर सिटी, २००८) यांनी अमाप पैसा जाणत्या माणसांच्या हाती दिला. ग्लेझर कुटुंबाने (मँचेस्टर युनायटेड, २००५) खरेदीचे कर्ज क्लबावरच लादले. लक्ष्मी मित्तल यांनी २००७ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सचे सुमारे २० टक्के समभाग घेतले, पण तो क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. सर्वांत बोलकी तुलना लेस्टर सिटीची. थायलंडचे विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी तो वेंकीजच्याच वर्षी, २०१० मध्ये घेतला. त्यांचाही फुटबॉलशी व्यवसाय म्हणून संबंध नव्हता. २०१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीगचा विजेता झाला. विचाई सामन्यांना हेलिकॉप्टरने येत. २०१८ मध्ये स्टेडियमबाहेरच हेलिकॉप्टरच्या अपघातात ते गेले, तेव्हा गाव रडले. राव कुटुंब ईवुड पार्कवर सुरुवातीला दिसे, पुढे क्वचितच. कुक्कुटोद्योगात पक्ष्याची जात, खाद्य आणि तापमान ठरवले की पुण्यात बसूनही फळ सांगता येते. संघाचे तसे नाही, आणि तिकीट काढणारा प्रेक्षक तर साखळीतली कडी व्हायलाच तयार नसतो. अंडी पिकवणाऱ्याला भाव ठरवायचा हक्क मिळवून देणाऱ्या घराला हे कळायला सोपे जायला हवे होते.

ज्या शहरात हा समूह जन्मला त्याची फुटबॉलची परंपरा समूहाहून जुनी आहे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघांचे प्रशिक्षक रहीमच. पण भारतात क्लब गावाला बांधलेला असतोच असे नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबाद एफसीला गेली. त्या संघाने २०२१–२२ चे विजेतेपद मिळवले, मालक बदलले आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला हलला. हैदराबादेत त्यासाठी मोर्चा निघाला नाही. इंग्लंडमध्ये विम्बल्डन क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला नेला तेव्हा चाहत्यांनी आधीच नवा क्लब काढून खालच्या पायरीपासून सुरुवात केली होती.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या पाच श्रेणींतील पुरुष क्लबांसाठी फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला. त्यानुसार स्वतंत्र नियामक मालकांची पात्रता आणि पैशाचा स्रोत तपासू शकतो, मैदान विकायला त्याची मान्यता लागते आणि क्लबाचे चिन्ह, पोशाखाचे रंग किंवा ठिकाण बदलताना चाहत्यांचे मत घेणे बंधनकारक ठरते. दुसऱ्या श्रेणीत असल्याने ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि त्याचे पुणेस्थित मालक या कायद्याच्या कक्षेत येतात.