गहू, जस्त आणि दोन बालरोग

मूल जेवते, पण अंगी लागत नाही. जुलाब थांबत नाहीत, पोट फुगते, हातापायांच्या काड्या होतात. अशा मुलांविषयी डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८७ साली लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात व्याख्यान दिले. हाच सीलिअ‍ॅक रोग. गुण आलाच तर आहारानेच येईल, इतके त्यांनी ताडले होते. अपथ्य कोणते, ते मात्र उमगले नाही.

हेगचे बालवैद्य विलेम डिके यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला. आणि इतर मुले खंगत असता ही मुले सुधारली! डिके यांचा प्रबंध १९५० सालचा. (आपली ज्वारी-बाजरीची भाकरी या मुलांना बाधत नाही.)

त्याच महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या नॉर्वेतील डानबोल्ट व क्लॉस यांनी १९४२ साली अ‍ॅक्रोडर्मॅटायटिस एंटेरोपॅथिका या दुर्मिळ रोगाचे वर्णन केले. येथेही जुलाब आणि खंगणे; शिवाय तोंडाभोवती, गुदद्वाराशी, बोटांवर चट्टे व फोड, आणि केस गळणे. रोग आनुवंशिक, आईबाप मात्र निरोगी दिसतात. नवल असे की, अंगावर पिणारे मूल बहुधा सुखरूप असते, दूध तोडले की रोग उठतो. उत्तर आईच्या दुधातच होते, पण ते कोणी वाचले नाही. कित्येक मुले दगावली. १९५३ पासून आमांशावरचे एक औषध देत. उतार पडे, पण दृष्टी जाण्याचे भय असे.

१९७३ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचेच डॉ. मोयनहन दोन वर्षांच्या एका मुलीवर उपचार करीत होते. औषध झाले, कृत्रिम आहार झाला, गुण येईना. रक्तात जस्त फारच कमी निघाले. जस्ताचा क्षार पोटात दिला आणि त्वचा स्वच्छ झाली. पुढे तो क्षार अनवधानाने द्यायचा राहिला, तो रोग उलटला. पुन्हा देताच ओसरला. याहून चोख पुरावा कोणता हवा? आतड्यातून जस्त शोषणारे जनुकच या मुलांत सदोष असते, हे २००२ साली कळले. आईच्या दुधातील जस्त सहज शोषले जाते, म्हणून ते तारी.

सीलिअ‍ॅक रोगातही आतडे बिघडून जस्त तुटते आणि हुबेहूब तसेच चट्टे उठू शकतात. तेव्हा नुसत्या त्वचेवरून निदान करू नये. तेथे गहू सुटला, आतडे भरून आले, की वरून जस्त द्यावे लागत नाही. येथे पाव खुशाल खावा, पण जस्त रोज, जन्मभर.