कोकणातील बेने इस्रायली कबरस्थाने : छायाचित्रण व इतिहाससाधने

महाराष्ट्राच्या स्थानिक इतिहासलेखनात ताम्रपट, शिलालेख, बखरी व दफ्तरे यांना साधन म्हणून मान्यता आहे. गावाबाहेरील लहान कबरस्थाने मात्र बहुधा दुर्लक्षित राहिली. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायली समाजाची कबरस्थाने हे त्याचे ठळक उदाहरण होय.

समाजाच्या परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, सात जोडपी वाचली आणि मृतांना तेथेच पुरण्यात आले. ही परंपरा हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात नोंदविली आहे. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे हे लोक 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आली. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेली. गावात उरल्या त्या कबरी.

या कबरींचे छायाचित्रण करताना हिब्रू अक्षरे किंवा षट्कोनी तारा असलेल्या शिळेकडेच कॅमेरा वळतो. हे स्वाभाविक असले तरी अभ्यासाच्या दृष्टीने अपुरे आहे. नवगावच्या जुन्या कबरींवर लेखच नाहीत. या समाजात हिब्रूचे शिक्षण प्रामुख्याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वाढले. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ चे आहे. त्यामुळे कोऱ्या दगडालाही पुराव्याचे मोल आहे. अर्थात कोरा दगड म्हणजे जुना दगड, असा सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. शिळा कोरून घेण्याची ऐपत प्रत्येक घराची नसे.

कोकणातील पावसाने दगडावर शेवाळ चढते व उथळ अक्षरे बुजतात. ती उठून दिसावीत म्हणून खडू घासणे, तेल लावणे किंवा तारेचा ब्रश वापरणे, हे प्रकार दगडास घातक आहेत. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात, अथवा आरशाने बाजूने प्रकाश पाडून, तेच अक्षर स्पष्ट वाचता येते. दिवाळीनंतर गवत वाळते, तेव्हा पायथ्याच्या ओळीही दिसू लागतात. शिळेची मागील बाजू, कडा आणि शेजारच्या कबरींशी असलेले अंतर यांचीही स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत. एका कुटुंबाच्या कबरी अनेकदा त्या मांडणीवरूनच ओळखता येतात. कबरीवर आप्तांनी ठेवलेले खडे मात्र चित्र 'स्वच्छ' यावे म्हणून हलवू नयेत.

मराठी व हिब्रू असे दोन्ही लेख असतील तर दोन्ही पूर्ण टिपणे आवश्यक आहे. हिब्रू लेखात वर्ष अक्षरांनी दिलेले असते आणि यहुदी वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास बदलते. उदाहरणार्थ, ५६६० हे वर्ष सप्टेंबर १८९९ ते सप्टेंबर १९०० असे चालले. छायाचित्रात महिन्याची ओळ कापली गेली, तर मृत्यूचे इसवी वर्ष एका वर्षाने चुकू शकते.