मराठी शाळेतील ‘ग्रह’ : एका संज्ञेचे अर्थांतर

शालेय शिक्षणात येणाऱ्या शास्त्रीय संज्ञांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. काही संज्ञा नव्या शोधाबरोबर नव्याने घडविल्या जातात. ‘कृष्णविवर’ किंवा ‘किरणोत्सर्ग’ हे शब्द विद्यार्थी शाळेत येण्यापूर्वी बहुधा ऐकत नाही, आणि म्हणून त्यांचा जो अर्थ शिक्षक सांगेल तो तो स्वीकारतो. दुसऱ्या वर्गातील संज्ञा मात्र भाषेत पूर्वीपासून नांदत असतात. शास्त्र त्यांना नवा अर्थ देते, पण जुना अर्थ घरातून हलत नाही. हा दुसरा वर्ग अध्यापनाच्या दृष्टीने अधिक अवघड होय. ‘ग्रह’ ही संज्ञा त्याचे उत्तम उदाहरण असून, गेल्या पावणेदोनशे वर्षांत नवे शोध मराठी शाळेपर्यंत कसे पोहोचले व पोहोचताना त्यांचे काय झाले, हे तिच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

या अडचणीचे स्वरूप एखाद्या डोंगरी गावाच्या संदर्भात चटकन ध्यानात येते. राजगडाच्या पाली दरवाज्याकडे जाणारी प्रशस्त वाट ज्या गावातून चढते, ते पाली हे गाव भोर-वेल्ह्याच्या मुलखात आहे. हा मुलूख १९४८ साली भोर संस्थान विलीन होईपर्यंत पंतसचिवांच्या अमलाखाली होता. अशा गावातील सहावी-सातवीच्या विद्यार्थ्याच्या घरी भिंतीला पंचांग किंवा दिनदर्शिका असते आणि दप्तरात विज्ञानाचे पुस्तक असते. दोहोंतही ‘ग्रह’ हा शब्द असतो. परंतु पंचांगातील ग्रह नऊ, तर पुस्तकातील आठ. दोन्ही याद्यांत समान असलेली नावे केवळ पाच आहेत, ही गोष्ट त्याला सहसा कोणी सांगत नाही.

प्रथम जुन्या अर्थाचा विचार करू. संस्कृतातील ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे, घेणे, या धातूपासून हा शब्द आला. ग्रहण, आग्रह, पूर्वग्रह हे त्याचेच सगेसोयरे. मनुष्याला ‘धरणारा’ म्हणून ग्रह, या कल्पनेतून ग्रहदशा, ग्रहशांती इत्यादी शब्द मराठीत रुळले. नवग्रहांच्या यादीत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू व केतू यांचा समावेश होतो. ही यादी निव्वळ श्रद्धेची निर्मिती आहे असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ज्यांचे स्थान बदलते ते सारे ग्रह, असा तिच्यामागे निरीक्षणाचा आधार आहे. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन बिंदूंत छेदतो ते राहू व केतू होत. त्यांच्या गणिताशिवाय ग्रहणाचे भाकीत करता येत नाही. या व्याख्येत पृथ्वीला स्थान नाही. कारण जिच्यावरून पाहावयाचे ती आकाशात चालताना दिसत नाही.

नव्या अर्थाने सूर्याभोवती फिरणारा तो ग्रह ठरला. त्याबरोबर रवी, चंद्र, राहू व केतू हे चार यादीतून गेले आणि पृथ्वी आत आली. उरले सहा. म्हणजे हा बदल यादीतील नावांपुरता नव्हता. पाहणाऱ्याची जागाच बदलली होती.

हा अर्थ मराठीत छापील स्वरूपात पसरू लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले; भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास यांसारखे विषय मराठी वाचकांपर्यंत नेणे हा त्याचा उद्देश होता. त्या सुमारास युरोपीय ग्रंथांतील ग्रहांची संख्याही स्थिर नव्हती. विल्यम हर्शल यांनी १७८१ साली युरेनस शोधल्यावर ग्रह सात झाले. पुढे १८०१ ते १८०७ या काळात सेरेस, पॅलस, जुनो व वेस्टा सापडले आणि कित्येक पुस्तकांतून ग्रह अकरा मोजले जाऊ लागले. जांभेकरांचे निधन १८४६ च्या मे महिन्यात झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लव्हेर्ये यांच्या गणितावरून गाले यांनी बर्लिन येथे नेपच्यून पाहिला. पुढील काही वर्षांत मंगळ व गुरू यांच्या दरम्यान असे लहान गोल इतक्या संख्येने आढळले की, त्यांचा ‘लघुग्रह’ असा निराळा वर्ग करावा लागला. सेरेस अर्धे शतक ग्रह होता आणि नंतर राहिला नाही. पुढे प्लूटोच्या वाट्याला जे आले त्याची ही पूर्वावृत्ती होती. परंतु शालेय पुस्तकांनी ती जवळजवळ विसरून टाकली.

मराठी प्रदेशात नव्या खगोलाची धुरा ज्यांनी वाहिली त्यांत अध्यापक ठळकपणे दिसतात, ही बाब लक्षणीय आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. जुन्या कोष्टकांवरून काढलेले ग्रहांचे स्थान व आकाशात प्रत्यक्ष दिसणारे स्थान यांत अंतर पडते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या प्रयत्नांतून पुढे पटवर्धनी म्हणून ओळखले गेलेले सुधारित पंचांग निघाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही व्यवसायाने शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा इतिहासग्रंथ १८९६ चा. पण सामान्य वाचकाला रात्रीच्या आकाशाची ओळख करून देणारे ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक त्यांनी त्याआधीच लिहिले होते. या दोघांनीही पंचांग आणि आकाश यांना एकमेकांसमोर उभे केले. जुना शब्द टाकून दिला नाही, त्याची परीक्षा घेतली.

तिसरे नाव व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांचे. शालेय शिक्षकाची नोकरी करीत असताना त्यांनी ग्रहगणितावर संस्कृत व मराठीत ग्रंथरचना केली. १९११ साली फ्रान्समधील खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत त्यांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. गुरूच्या उपग्रहांच्या गतींमध्ये लाप्लास यांना जो संख्यासंबंध आढळला होता, तो बाहेरील ग्रहांना लावून नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असा तर्क त्यांनी केला आणि त्यांना ‘ब्रह्मा’ व ‘विष्णू’ अशी नावे दिली. पैकी ब्रह्म्याचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट व प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे त्यांनी काढला. १९३० च्या फेब्रुवारीत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट व प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे आहे.

हे साम्य अभिमानाने सांगण्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने अधिक सावध राहिले पाहिजे. केतकरांनी गृहीत धरलेला संख्यासंबंध बाहेरील ग्रहांना त्या रूपात लागू पडत नाही, आणि ‘विष्णू’ला जुळणारा ग्रह आजवर सापडलेला नाही. अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल यांच्या गणिताचीही हीच गत झाली. त्यांनी कल्पिलेल्या वस्तुमानाच्या मानाने प्लूटो फारच लहान निघाला. अर्थात दोन्ही ठिकाणी जुळणी योगायोगाची होती. केतकरांचे श्रेय उत्तर जुळले यात नाही. शिक्षकी करणारा एक मनुष्य ग्रहमालेला पाठ करण्याची यादी न मानता सोडविण्याचा प्रश्न मानत होता, यात ते आहे.

प्लूटोच्या शोधाने मराठी शाळेत एक अनपेक्षित परिणाम घडविला. जुन्या नवग्रहांतून चार गेले, एक आला, युरेनस व नेपच्यून मिळाले, आणि प्लूटोने बेरीज पुन्हा नऊवर आणली. घरातील नऊ व शाळेतील नऊ यांची संख्या जुळली. पुढील ७६ वर्षे ही जुळणी टिकली. १९६७ साली पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी ‘बालभारती’ची स्थापना झाल्यावर राज्यभर एकसारखी पुस्तके जाऊ लागली आणि नऊ ग्रहांची नावे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत झाली. परंतु संख्या जुळल्यामुळेच अर्थ बदलल्याची जाणीव बोथट झाली. सूर्य ग्रह का नाही, चंद्र ग्रह का नाही, पृथ्वी ग्रह का आहे, हे प्रश्न धड्याच्या केंद्रस्थानी असावयास हवे होते. त्यांच्या जागी ‘ग्रह किती?’ हा प्रश्न बसला.

ही जुळणी २००६ साली मोडली. आदल्या वर्षी प्लूटोहून मोठा वाटणारा एक गोल नेपच्यूनपलीकडे आढळल्याचे जाहीर झाले होते. त्यालाच पुढे ‘एरिस’ हे नाव मिळाले. तो ग्रह मानावा तर त्याच्यासारखे आणखी किती मानावे लागतील याला सीमा राहिली नसती. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदानाने व्याख्या ठरविली : सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या गुरुत्वाने जवळजवळ गोल झालेला आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला तो ग्रह. तिसरी अट पुरी न करणाऱ्यांचा निराळा वर्ग झाला. त्यात प्लूटो व एरिस आले, आणि दीडशे वर्षांपूर्वी पदच्युत झालेला सेरेसही आला.

या वर्गाला मराठीत ‘बटुग्रह’ ही संज्ञा रूढ झाली. ती सुटसुटीत आहे, पण भाषादृष्ट्या तिच्यात एक पेच आहे. ‘बटुग्रह’ हा कर्मधारय समास आहे. त्यात उत्तरपद वर्ग सांगते व पूर्वपद विशेष सांगते. नीलकमल हे कमळच असते. त्या न्यायाने बटुग्रह हा ग्रहच असावयास पाहिजे. व्याख्या मात्र तो ग्रह नव्हे असे म्हणते. शिवाय मराठी मुलाच्या मनात ‘बटू’ म्हणजे मुंजीतला मुलगा. तो आज लहान असला तरी उद्या वाढणार. “नावात ग्रह आहे, तर तो ग्रह का नाही?” असे वर्गात कोणी विचारले, तर तो प्रश्न अडाणीपणाचा नसून व्याकरणशुद्ध आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, वस्तू बदलली नाही, माणसांनी वर्गवारी बदलली, आणि ती का बदलावी लागली हे सांगता येते. ज्या वर्गात हे उत्तर दिले जाते तेथे नवा शोध खऱ्या अर्थाने पोहोचला. जेथे फळ्यावरील नऊ पुसून आठ लिहिले जाते, तेथे जुनेच पाठांतर चालू राहिले.

यापुढे संज्ञेवर आणखी ताण येणार आहे. १९९५ साली मेयर व क्वेलोझ यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला. या कार्यासाठी त्यांना २०१९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अशा ग्रहांची निश्चित झालेली संख्या २०२२ सालीच पाच हजारांवर गेली. प्रागची व्याख्या ‘सूर्याभोवती’ अशी असल्याने तिच्या शब्दशः अर्थाने यांतील एकही ग्रह ठरत नाही. मराठीत त्यांना काय म्हणावे, हेही अद्याप स्थिर नाही. ‘बाह्यग्रह’ म्हणावे तर गुरू-शनीसारख्या बाहेरील ग्रहांशी घोटाळा होतो. ‘परग्रह’ म्हणावे तर परग्रहवासी मनात येतो.

मग अध्यापकाने जुन्या अर्थाचे काय करावे? तो खोडून काढावा, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. छत्रे-दीक्षितांचा मार्ग निराळा होता आणि तो आजही खुला आहे. शहराच्या उजेडापासून दूर असलेल्या पालीसारख्या गावी गुरू किंवा मंगळ शेजारच्या ताऱ्यांवरून सरकताना काही आठवड्यांत नुसत्या डोळ्यांनी ध्यानात येतो. पंचांगात गुरू ज्या राशीत दिला आहे तेथे तो आहे की नाही, हे सातवीतील मूल स्वतः पडताळू शकते. वहीत दर आठवड्याला एक खूण केली म्हणजे पुरे. गणिताने सांगितलेले स्थान पडताळता येते आणि त्यावरून वर्तविलेले फल पडताळ्याला उतरत नाही, हा भेदही त्याच वहीतून शिकविता येतो. चालणारा तो ग्रह, ही जुनी व्याख्या अशा रीतीने नव्या व्याख्येची पहिली पायरी ठरते.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्रत्येक देशाला एका ताऱ्याचे व त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याची संधी दिली. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ ‘बिभा’ हे नाव मिळाले. सव्वादोन दिवसांच्या आतच त्याची प्रदक्षिणा पुरी करणाऱ्या ग्रहाला ‘संतमस’, म्हणजे दाटून आलेला अंधार, हे संस्कृत नाव मिळाले. हे दुसरे नाव सुचविणारा पुण्यातील तेरा वर्षांचा शाळकरी विद्यार्थी होता. पालीच्या शाळेत ग्रहमालेचा धडा ज्या वयात वाचला जातो, साधारण तेच हे वय.