लूप (यंत्रमानवशास्त्र)

लूप किंवा आवर्तन ही संगणकीय आज्ञावलीतील एक रचना आहे. तिच्या साहाय्याने एकदाच लिहिलेला आज्ञांचा गट यंत्राकडून अनेक वेळा पार पाडून घेता येतो. चाके फिरवणे, वस्तू उचलून ठेवणे, संवेदकांच्या नोंदी घेणे अशा यंत्रमानवाच्या बहुतेक क्रिया पुनरावृत्त असतात; त्यामुळे त्याच्या आज्ञावलीत लूपला मूलभूत स्थान आहे. यंत्राच्या हालचाली आज्ञांच्या बंद साखळीने ठरवण्याची पद्धत संगणकापूर्वीची असून मुंबईच्या गिरणगावातील कापड गिरण्यांतही ती वापरली जात असे.

प्रकार

लूपचे तीन मुख्य प्रकार आहेत. कंसात स्क्रॅच या शैक्षणिक भाषेतील नावे दिली आहेत.

* गणनाबद्ध लूप (रिपीट): आज्ञा ठरावीक वेळा पार पडतात.
* सशर्त लूप (रिपीट अनटिल): दिलेली अट पूर्ण होईपर्यंत आज्ञा चालू राहतात.
* अखंड लूप (फॉरएव्हर): यंत्र बंद करेपर्यंत आज्ञा चालू राहतात. रेषेचा माग काढणारा यंत्रमानव याच लूपमध्ये संवेदक वाचतो, रेषेपासून झालेले विचलन मोजतो आणि चाकांचा वेग बदलतो.

उदाहरण

यंत्रमानवाला चौरसाकृती मार्गावर फिरवण्यासाठी लूपशिवाय आठ आज्ञा लागतात. लूप वापरल्यास पुढील रचना पुरते:

४ वेळा करा:
  २० सेंमी पुढे जा
  ९० अंश उजवीकडे वळा

मात्र लूप क्रियेबरोबर चुकीचीही पुनरावृत्ती करतो. प्रत्येक वळण ९० ऐवजी ८८ अंशांचे झाल्यास चार फेऱ्यांअखेर यंत्रमानवाची दिशा ८ अंशांनी चुकते. म्हणून प्रत्येक फेरीत संवेदकाद्वारे प्रत्यक्ष स्थिती तपासणे आवश्यक ठरते.

गिरणगावातील पूर्वरूप

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. धोतरे व साड्यांच्या नक्षीदार काठांसाठी यंत्रमागावर डॉबी नावाची यंत्रणा बसवली जाई. तिच्यात खुंट्या मारलेल्या लाकडी पट्ट्यांची साखळी असते. उभ्या धाग्यांच्या कोणत्या चौकटी उचलायच्या, हे खुंट्यांच्या जागेवरून ठरते. साखळीची दोन्ही टोके जोडलेली असल्याने शेवटच्या पट्टीनंतर पुन्हा पहिली पट्टी येते आणि नक्षी आपोआप पुन्हा विणली जाते. जोसेफ मारी जॅकार्ड यांच्या १८०४ मधील मागात हेच काम छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची साखळी करत असे.

थांबण्याची अट व श्रम

उभा धागा तुटला तरी साधा यंत्रमाग विणतच राहतो आणि दोष कापडात उतरत जातो. स्वयंचलित मागात प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची पातळ पट्टी अडकवलेली असते. धागा तुटताच ती खाली पडते व माग थांबतो. आजच्या भाषेत ही सशर्त लूपमधील अट होय. अशी सोय नसलेल्या मागांवर ही अट विणकराच्या नजरेने तपासली जाई.

त्यामुळे एका कामगाराने किती माग सांभाळावेत, हा मुंबईत औद्योगिक संघर्षाचा विषय ठरला. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, अशा कार्यक्षमता योजनांना झालेला विरोध हे १९२८ च्या सार्वत्रिक गिरणी संपाचे एक प्रमुख कारण होते. एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने चाललेल्या या संपाच्या काळातच, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली.

आधुनिक कारखान्यांतील यंत्रमानवांत तपासणीचे हे काम मोठ्या प्रमाणावर संवेदकांकडे गेले आहे. तथापि लूप कोणत्या अटीवर थांबावा, हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. माणसाच्या सुरक्षिततेसाठी आज्ञावलीवर अवलंबून न राहता यंत्र तत्काळ थांबवणारे आपत्कालीन बटणही बसवले जाते.